चांगली पानं एकदाच बघतात

८ जानेवारी १९८६, बुधवार. सेलू, जिनिंगची रांग

पत्त्यांत भुजंगला पकडला!

मांडीवर थाप मारली की त्याच्याकडे काही नसतं. "या, या, कोणाला यायचं ते या!" असं ओरडला तर नक्कीच नसतं. आज पानं बघितली आणि गप्पच झाला. मिशी पुसली, बैलांकडे बघत बसला. मी लगेच माझी पानं टाकली. नागनाथ आणि सांबप्पा अडकले. भुजंगकडे एक्क्याची जोडी निघाली. "तुला कसं कळालं रं, मुंजा?" म्हणाला. मी म्हणालो, "अंदाज." अंदाज कसला! तीन दिवस त्याच्या मांडीकडे बघतोय.

कापसाच्या गाड्या फाटकापासून पार रस्त्यापर्यंत लागल्यात. रोज थोड्याच गाड्या काट्यावर जातात. बाकीच्यांनी बैलांना कडबा टाकायचा, धपाटे खायचे आणि लिंबाखाली तिर्रट खेळायचं. पैशावर नाही. पैसा दिसला की पोलीस येतो. आम्ही सरकीवर खेळतो, प्रत्येकी एक मूठ. तीन-तीन पानं वाटायची, ज्याची भारी त्याची सरकी. पण भारी पानं नसली तरी चालतं. समोरच्याला भीती वाटली पाहिजे, मग तोच आपली पानं टाकून देतो. हा खेळ पानांचा नाहीच. तोंडांचा आहे.

९ जानेवारी, गुरुवार

नागनाथचं सापडलं. तो माझ्या मागच्या गाडीवाला, रवळगावचा, माझ्याच वयाचा. त्याचं तोंड सारखं हसरं, त्यावरून काही कळत नाही. मी दोन दिवस फुकट घालवले. आज खाली बघितलं. चांगली पानं आली की पायाचा अंगठा मातीत रुततो! हात आणि तोंड माणूस सांभाळतो. पायाकडे कोणी बघत असेल असं त्याला वाटतच नाही.

हे मला कोणी शिकवलेलं नाही. शाळेत होतो तेव्हा गुरुजी छडी उचलायच्या आधी त्यांचा डावा अंगठा हलायचा. तो हलला की मी मान खाली घालून पाटीवर काहीतरी लिहायला लागायचो. छडी शेजारच्याला बसायची. भित्र्या माणसाला बघायची सवय लागते. नववीत बाप गेला आणि शाळा सुटली. सवय राहिली.

माझं माझ्यावरही लक्ष आहे. घाबरलो की माझा गळा हलतो. गिळतो मी. म्हणून खेळताना तोंडात सुपारी ठेवतो. जबडा सारखा चालू राहिला की गिळणं त्यात लपतं. आणि बसायचं कायम उन्हाकडे पाठ करून. आपलं तोंड सावलीत, समोरच्याचं उजेडात. ही माझी जागा आता ठरून गेली आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

आमच्या वालूरचा एक जण बाजाराला आला होता. आईनं निरोप पाठवला — माझ्या बहिणीला, बायनाला बघायला पेडगावची माणसं गुरुवारी येणार, सोळा तारखेला. ठरलं!

आनंद झाला, आणि लगेच बोटांवर दिवस मोजले. माझा नंबर पुढच्या शुक्रवारच्या आधी लागत नाही. सोमवारी काटा चालू, मग संक्रांत आणि कर, दोन दिवस बंद. म्हणजे सोळा तारखेला मी इथेच, गाडीखाली गोधडीवर. घरी आई आणि बायना. बैठकीला पुरुषमाणूस कोण? तात्याराव चुलते. त्यांची स्वतःची पोरगी लग्नाची आहे. मागच्या वेळेस मानवतची माणसं आली तेव्हा हेच बसले होते. पाहुण्यांना म्हणाले, "पोरगी चांगली हाय, फकस्त जरा अशक्त हाय." बायना अशक्त! दोन घागरी एका दमात आणते. पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच.

मला सोळाला घरी असलंच पाहिजे. आणि कापूस सोडून जाता येत नाही. गाडी मामाची, बैल मामाचे.

कोणाला बोललो नाही. आपली गरज दाखवली की खेळ संपला.

रात्री

सांबप्पा आप्पा कळले. पन्नाशीचे, वीरशैव, बोलायला गोड. गळ्यात लिंगाची चांदीची डबी असते, सदऱ्यावर. खोटी चाल करायची असली की आधी डबी हळूच सदऱ्याच्या आत सरकवतात. खरी पानं असली की बाहेरच. आज दोनदा बघितलं आणि दोन्हीदा बरोबर निघालं. देवासमोर खोटं नको, असं असेल. माणूस भला आहे. मी तिसऱ्यांदा त्यांची सगळी सरकी घेतली. हसून म्हणाले, "पोरा, तुझ्या नजरंला काय म्हणावं!"

११ जानेवारी, शनिवार

एकच राहिलाय. दत्तराव काका.

डासाळ्याचे. साठीच्या पुढचे, डोक्याला फेटा, एकटेच आलेत गाडी घेऊन. तोंडावर काही म्हणजे काही नाही! कोरी पाटी. बोलणाऱ्याकडे बघतात, पण बघितल्यासारखं वाटत नाही. अशी नजर मी कोणाची बघितली नाही. भुजंग कितीही ओरडला तरी पापणी हलत नाही.

शिवाय पानं न उचलताच खेळतात. न बघणाऱ्याला अर्धीच सरकी टाकावी लागते, बघणाऱ्याला त्याच्या दुप्पट. काका बेधडक टाकत जातात. समोरचा घाबरून पानं टाकतो. पानं उघडायची वेळ आली तर स्वतः उघडतही नाहीत. भुजंगकडे सरकवतात — "बग रं, काय हाय." निजामाच्या काळातल्या देशमुखासारखा रुबाब! मला ते फार आवडलं. मलाही म्हातारपणी असं खेळता आलं पाहिजे.

पण आज संध्याकाळी सापडलं. दोनदा त्यांनी पानं उचलली. दोन्हीदा एकदा बघितली, मग तोंडाजवळ नेली, मग लांब धरली, पुन्हा बघितली. आणि दोन्हीदा टाकून दिली.

चांगली पानं माणूस एकदाच बघतो. वाईट पानं पुन्हा पुन्हा बघतो — बदलली असतील तर, म्हणून! हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. माझं मीच काढलं. हा नियम मी सगळ्यांवर लावून बघितला. भुजंगवर लागू, नागनाथवर लागू. आता काकांवरही.

१२ जानेवारी, रविवार

आज झोप लागायची नाही. आनंदानं.

सकाळी रांगेत पुढे असलेल्या व्यंकटरावांच्या घरून माणूस आला. त्यांची आई गेली. बिचाऱ्यांनी गाडी तशीच वळवली. त्यांची काट्यावरच्या नंबराची चिठ्ठी सोमवारची होती, सकाळची! चिठ्ठीवर नाव नसतं, नुसता नंबर. रांगेचा रिवाज असा की जाणारा चिठ्ठी मागं ठेवून जातो आणि ज्यांना हवी त्यांनी आपसात ठरवायचं. भांडण नको म्हणून पत्त्यांवर. जिंकेल त्यानं ती घ्यायची आणि आपली जुनी चिठ्ठी हरलेल्यांत टाकायची. व्यंकटरावांनी चिठ्ठी सांबप्पा आप्पांच्या हातात दिली. डोळे पुसत म्हणाले, "तुमचं तुमी बघा."

दुपारी बसलो. आप्पा पंच म्हणून बाहेर राहिले. मी, भुजंग, नागनाथ, आणि — दत्तराव काका. ते येऊन म्हणाले, "मलाबी पायजे."

भुजंग म्हणाला, "काका, तुमाला कामून घाई? म्हातारी वाट बघायली का?"

सगळे हसले. काकाही हसले. "म्हातारी तर कवाच गेली बाप्पा. दुसरं काम हाय."

"दुसरी म्हातारी व्हय?"

"तुझ्या तोंडात किडे पडो, भुजंगा. वाट पानं."

मी उन्हाकडे पाठ करून माझ्या जागेवर बसलो, सुपारी तोंडात टाकली.

नागनाथ आधी गेला. तो गंमत म्हणूनच बसला होता. भुजंगनं मांडीवर थाप मारली आणि मी त्याला सगळ्याच्या सगळ्या सरकीला ओढलं. तोही गेला. लिंबाची सावली सरकून गेली होती, उन्हं तिरपी झाली होती. राहिलो मी आणि काका. भोवती गर्दी जमली होती, चहावालासुद्धा किटली ठेवून उभा.

काका न बघता खेळत होते. माझी सरकी निम्म्यावर आली. मग माझी वेळ आली आणि अशी पानं आली — दुर्री, पंजी, नव्वी. रंगही वेगळे. ह्याच्यापेक्षा हलकी पानं मागून मिळायची नाहीत! पण मी ठरवलं, हाच डाव. एकदाच बघितली. पालथी ठेवली. पुन्हा हात लावला नाही. आणि चाल दुप्पट केली.

काकांनी न बघता टाकली. मी पुन्हा वाढवली. तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी पानं उचलली.

एकदा बघितली. मान वळवून फेट्याच्या सावलीत धरून बघितली. म्हणाले, "पोरा, जरा जागा बदल बरं. ऊन लय डोळ्यावर यायलंय."

मी म्हणालो, "काका, डाव चालू असताना जागा बदलत नसतात."

असा काही रिवाज नाही. पण तोंडातून ठाम निघालं आणि चालून गेलं. आप्पा माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. काकांनी पानं नाकाशी नेली. लांब धरली. पुन्हा जवळ. तीनदा! मी मनात म्हणालो, मुंजाजी, आता मागं हटलास तर तुझ्यासारखा मूर्ख तूच.

उरलेली सगळी सरकी पुढे सारली. काकांचीही सगळी लागणार होती.

 काकांच्या कपाळावर घाम होता. हे मी पहिल्यांदाच बघितलं. कोरी पाटी नव्हती ती! वाचता येत होती.

"नक्की का, पोरा?"

"नक्की, काका." सुपारी चघळतच म्हणालो. आवाज हलला नाही. माझा मलाच विश्वास बसला नाही.

त्यांनी पानांवरून एकदा अंगठा फिरवला. मग पानं पालथी ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले. "घेऊन जा बाप्पा. तुझं हाय."

टाकलेली पानं उलटून बघायची नसतात, म्हणून त्यांच्याकडे काय होतं ते कळलं नाही. माझी मात्र मी भुजंगला दाखवली. राहवलं नाही! दुर्री, पंजी, नव्वी. भुजंग कपाळावर हात मारून खालीच बसला. "अरे ह्याच्यावर? ह्याच्यावर, लेका?" चहावाल्यानं मला फुकट चहा दिला.

काका तोवर आपल्या गाडीकडे गेले होते.

आप्पांनी चिठ्ठी दिली. मी माझी जुनी काकांना नेऊन दिली. त्यांच्या चिठ्ठीपेक्षा ती एक दिवस आधीची आहे, तेवढाच फायदा. त्यांनी ती न बघताच फेट्यात खोचली. वाईट वाटलं नाही असं नाही. पण रडत बसलो असतो तर बायनाच्या बैठकीला तात्याराव बसले असते.

१३ जानेवारी, सोमवार

माप झालं. प्रतवारी चांगली लागली. प्रतवारी लावणारा कापसाची मूठ दाबून बघताना ओठ मुडपत होता, तेव्हाच मला कळलं होतं की माल आवडलाय आणि तो तसं म्हणणार नाही. मी गप्प उभा राहिलो.  शेवटी त्यानंच वरची प्रत सांगितली.

निघताना नागनाथला हाक मारली. तो हात हलवून हसला, पण उठला नाही. रुसला असेल चिठ्ठीसाठी.

रिकामी गाडी, बैल पळतायत! वालूर दिसेपर्यंत मी गाणं म्हणत होतो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईच्या हातचा तिळगूळ. तात्याराव आले, मला बघून म्हणाले, "अरे! तू कसा काय?" उजव्या कानाची पाळी ओढली; बेत फसला की ते हेच करतात. म्हणजे गुरुवारी यायचं त्यांचं ठरलेलंच होतं.

१६ जानेवारी, गुरुवार

जमलं!

पेडगावहून मुलगा, त्याचा बाप दिनकरराव, आई आणि एक मामा आले. तात्यारावही होते, पण मी त्यांना दाराजवळ बसवलं आणि पाहुण्यांच्या समोर मी बसलो. त्यांनी एकदा "पोरगी तशी..." म्हणून सुरुवात केली. मी लगेच म्हणालो, "काका, जरा बैलांना पाणी दाखवता का?" पाहुण्यांसमोर नाही म्हणता येईना. उठले!

दिनकरराव कसलेले. बायना येऊन बसली तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही, भिंतीवरच्या देवांच्या तसबिरी बघत होते. पण त्यांची बायको बघत होती. बायनाचे हात, पाय, पोह्याची बशी ठेवताना वाकणं. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या गुडघ्याला बोटानं किंचित टोचलं. तिथेच पसंती झाली! त्यानंतरचं सगळं नुसतं बोलणं होतं.

दिनकरराव म्हणाले, "पोराला नांदेडहूनबी सांगून आलंय. मोटारसायकल देऊ म्हणायलेत."

आई माझ्याकडे बघायला लागली. घाबरली होती. मी सुपारी कातरत होतो. म्हणालो, "मग नांदेडचं बघा पाहुणे. चांगलं स्थळ सोडू नये माणसानं."

आईच्या हातातली कपबशी वाजली. मी दिनकररावांकडे बघितलं. त्यांच्या चपला दाराशी होत्या आणि ते एकदाही चपलांकडे बघत नव्हते. उठायचं असलेला माणूस आधी चपला बघतो. मग पोराची आईच बोलली, "अवो, मोटारसायकल घेऊन काय नांदायचंय का? पोरगी बगा की."

मोटारसायकल गेली. लग्न दोन्हीकडून साधंच, चैत्रात.

ते गेल्यावर मी बायनाला विचारलं, तुला आवडला का? ती म्हणाली, "मी काय सांगू दादा, तुलाच समदं कळतं की तोंडावरून." आणि पळाली. कळलंच. चूल पेटवायला गेली आणि काड्याची पेटी उलटी धरून घासत होती.

बाप असता तर त्यानंही एवढं केलं नसतं. हे लिहू नये, पण लिहितो.

१७ जानेवारी, शुक्रवार

आईनं गावभर साखर वाटली. तात्यारावांच्या घरीसुद्धा मीच नेऊन दिली.

१९ जानेवारी, रविवार

नागनाथ येऊन गेला. काल त्याचं माप झालं, रिकामी गाडी घेऊन रवळगावला निघाला होता. वाट वाकडी करून मुद्दाम आला. चहा पुढे ठेवला तरी पिईना.

म्हणाला, "मुंजा, त्या दिवशी पानं मीच गोळा केली. टाकलेली बघू न्हाई, पर बघितली. काकाची. तीन बादशा होते."

मी म्हणालो, थट्टा करू नको.

"देवाशपथ. म्या कोणालाच सांगितलं न्हाई. मलाबी कळंना, तीन बादशा टाकून माणूस उठतो कसा. मंग करीच्या दिवशी काका आले, अन् आपला बैल समजून माझ्या बैलाचं दावं सोडायलेत. पांढऱ्या बैलाचं. त्यांचा बैल तांबडा. तवा कळालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. चित्रं हायत एवढं दिसतं, बादशा का गुलाम ते न्हाई."

मग काकांनी त्याला सगळं सांगितलं. सेलूत डोळ्यांचं शिबिर होतं. पंधरा तारीख शेवटची. ऑपरेशन झालं की पट्टी बांधून पडून राहावं लागतं, म्हणून आधी गाडी मोकळी करायची होती. आधी कोणाला सांगितलं नाही, कारण म्हातारा आंधळा झाला म्हटलं की पुतणे रान कसायला घेणार. शिबिर उठलं. काका शुक्रवारीच माप करून एकटे डासाळ्याला गेले. बैलांना रस्ता माहीत आहे म्हणे.

मी विचारलं, "तीन बादशा होते हे त्यांना सांगितलंस?"

"न्हाई. कोणत्या तोंडानं सांगू?"

"माझ्यावर चिडलेत का?"

नागनाथ म्हणाला, "कशाला चिडतील? निघताना तुझंच कवतिक करत होते. म्हणले, वालूरचं पोरगं लय हुशार. माणूस बरोबर वळखतं."